आईच्या बोटांचा ग्रंथ

थोरलीला निष्काळजी म्हणायची कुणाची टाप नव्हती. रात्री झोपताना ती गॅस तीनदा बघायची, कुलूप ओढून बघायची, आईच्या गोळ्यांच्या वेळा तर झोपेतून उठवलं तरी सांगायची. म्हणून तर जे व्हायचं ते झालं. बाई जरा निष्काळजी असती तर ग्रंथ आज शाबूत असता.

ग्रंथ आईचा. तिला तिच्या आईकडून मिळालेला, उशीएवढा जाड, पानं चहाच्या रंगाची. रोज सकाळी अंघोळ झाली की आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, ग्रंथ मांडीवर घ्यायची आणि तासभर मोठ्यानं म्हणत राहायची. वाचायची असं म्हणवत नाही, कारण काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे आठ वर्षांपूर्वीच गेले होते. पण बोटं होती ना. एका पानाचा कोपरा धाकट्या भावानं दात येत असताना चावून खाल्लेला. एकावर मेणाचा थेंब. एक पाण्यात भिजून चुरगळत सुकलेलं. एक फाटलेलं पान वडिलांनी चक्क सुईदोऱ्यानं शिवलेलं, बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नाही. बोट त्या खुणेवर टेकलं की त्या पानावरचं सगळं आईच्या तोंडून आपोआप यायचं. खूण सापडली नाही तर एक ओळ यायची नाही. धाकटा चिडवायचा, "आई, देवानं पाठ करायला सांगितलंय, चाचपायला नाही." आई म्हणायची, "देवाचं आणि माझं आम्ही बघून घेऊ. तू तुझं बघ."

वाचन संपलं की थोरली आईच्या मांडीवरचा भुगा झटकायची. पानांच्या कडा झडत होत्या. रोज चिमूटभर ग्रंथ केरात जायचा. आईच्या आधी ग्रंथ संपला तर काय, हा एकच घोर थोरलीला लागून राहिला होता.

मग आई मोरीत घसरून पडली आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस दवाखान्यात राहिली. थोरलीला वाटलं, हीच वेळ. आई घरी येईल तेव्हा ग्रंथ कायमचा पक्का झालेला असेल. ती तो टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेली. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवते. त्यानं ग्रंथाला दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "ताई, लॅमिनेशन करून टाका. शंभर वर्षं हात लावायला नको." थोरलीला अगदी हेच ऐकायचं होतं.

त्यानं कटरवर पाठीची शिवण कापली. पानन् पान सुटं केलं, गरम मशीनमधून काढलं, कोपरे गोल केले, आणि तीन भाग करून काळ्या स्पायरलमध्ये बांधून दिले. मेणाचा थेंब मशीनमध्ये अडकेल म्हणून थोरलीनं स्वतःच नखानं खरवडून काढला. वर वडिलांचा दोराही उसवला, सपाट बसावं म्हणून. इतकी काळजी घेतली बाईनं.

आई घरी आली. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसण्याइतकी बरी झाली आणि म्हणाली, "दे गं माझं." थोरलीनं पहिला भाग मांडीवर ठेवला आणि कौतुकानं समोर उभी राहिली. आईची बोटं पानावर घसरली. दुसऱ्या पानावर घसरली. मग तिसऱ्या. तिनं पान नाकाशी नेलं, खाली ठेवलं.

"हे काय आहे?" आई म्हणाली.

"तुझाच ग्रंथ आहे. पक्का करून घेतलाय. आता फाटायचा नाही."

आईनं पुन्हा सुरुवात केली. तासभर नुसती पानांची चटचट ऐकू येत होती. शेवटी तिनं हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाली, "येत नाही गं काही."

दुसऱ्या दिवशी थोरली तिन्ही भाग घेऊन जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाइंडरकडे गेली. म्हातारा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. त्यानं शेवटचं कोरं पान घेतलं, ब्लेडनं प्लास्टिकची कड उचलली आणि दमादमानं ओढली. कागदाची निम्मी साल प्लास्टिकबरोबर निघून आली. छापलेल्या पानाचं असं केलं तर अक्षरंही अशीच येतील, हे त्यानं तोंडानं सांगायची गरज उरली नाही.

"काहीच नाही का होणार?" थोरलीनं विचारलं.

"नाही, ताई. आधी माझ्याकडे आणला असता, तर पातळ कागद आणि खळ लावून धरलं असतं मी. खुणा तशाच राहिल्या असत्या." मग ब्लेड खाली ठेवत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. ज्यांचा ग्रंथावर जीव असतो तेच लोक असं करून आणतात." तो रागावला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

फोनवर धाकटा म्हणाला, "तिला तोंडपाठ आहे सगळं. तू पहिला शब्द सांग, पुढचं येईल." थोरलीनं पहिला शब्द सांगितला. पहिली ओळ वाचली, पहिलं पान वाचलं. आई शाळेतल्या मुलीसारखी तिच्या मागून म्हणायची आणि ती थांबली की थांबायची. मग थोरलीनं आणखी एक शहाणपणा केला. धाकट्यानं चावलेल्या पानाचा कोपरा कात्रीनं तसाच वाकडातिकडा कापला आणि आईचं बोट धरून तिथे टेकवलं.

आईनं कड दोनदा चाचपली. "ही कात्री आहे," ती म्हणाली. "दात असे नसतात."

थोरली खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. तिला रडू आवरेना. आईनं हात पुढे करून तिचं डोकं शोधलं.

"इकडे बघ. मी दवाखान्यात होते तेव्हा तुझी किती धावपळ झाली, मला कळत नाही का? रिक्षात राहिला असेल, कुठे ठेवला असशील. हरवला ना? मी रागावणार नाही."

"आई, अगं हाच तो. शपथ घेऊन सांगते."

"पुरे. माझ्या आईचा ग्रंथ मला कळणार नाही होय?" आईचा आवाज चढला नव्हता, पण हात डोक्यावरून निघाला. "हरवला त्याचं काही नाही. तू माझ्याशी खोटं बोलतेस, त्याचं वाईट वाटतं."

थोरलीचं खरं सगळं सांगून झालं होतं. सांगण्यासारखं आणखी काही तिच्याजवळ उरलंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "हरवला."

आईनं मोठा श्वास सोडला. हात परत थोरलीच्या डोक्यावर आला आणि केसांवरून फिरत राहिला. मग तिनं मांडीवरचा भाग बंद केला, पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"हा ज्यांचा असेल त्यांना आजच्या आज देऊन ये," आई म्हणाली. "त्या घरातलंही कुणी खोळंबून बसलं असेल."