काटकोन सुटलेला गुण्या

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गुण्या आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तो प्लास्टिकचा चिमुकला नव्हे. मी फळ्यावर रेघा मारायचा, हातभर लांब, सागाच्या तीन पट्ट्या जोडून केलेला. माझा एक कोपरा काटकोनी आहे. म्हणजे होता. तो कसा बिघडला ते मी सांगणार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. गोड गोष्ट हवी असेल तर खडूला विचारा. तो पांढराशुभ्र आहे आणि कुणाला दुखवत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हिरामण सुतारांनी मला घडवले. त्यांच्याकडे पलंग आणि कपाटांची कामे असत. अंबरनाथच्या एका शाळेतल्या नूतनबाई रिक्षाने आल्या आणि म्हणाल्या, "हिरामणदादा, मुलांसाठी गुण्या हवाय, पण कोन अगदी पक्का पाहिजे." हिरामणदादांनी मला घासले, जोडले आणि पाटाला लावून पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. मग मला उलटे केले आणि त्याच ठिकाणाहून पुन्हा रेघ मारली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या.

"बघा बाई. उलटा केला तरी एकच लाईन. गुण्या खोटा असता तर दोन दिसल्या असत्या."

बाईंनी ते पक्के लक्षात ठेवले. दर वर्षी जून महिन्यात, पहिल्या तासाला, त्या मला वर्गासमोर उलटून दाखवत. म्हणत, "आधी याची परीक्षा, मग तुमची." मुले हसत. मला या परीक्षेचा अभिमान वाटे. तेरा वर्षे मी पास होत आलो.

शाळेचे नाव सांगणार नाही. तिची अब्रू जपायला पुष्कळ माणसे आहेत. मुले बुवापाड्यातली आणि आसपासची होती. शनिवारी शाळा लवकर सुटे, पण आठवीची वीसेक मुले घरी जात नसत. गणितात ज्याला जे काही सापडले असेल ते त्याने फळ्यापाशी येऊन सांगायचे, असा बाईंनी पायंडा पाडला होता. नियम एकच. ज्याच्या हातात गुण्या, तो बोलणार, बाकीचे ऐकणार. शंका असेल तर हात वर करून मला मागून घ्यायचे. त्या अर्ध्या तासात मी इतक्या हातांतून फिरे की माझ्या कडा गुळगुळीत झाल्या. कुणी क्रिकेटच्या सरासरीतली गंमत सांगे, कुणी जिन्याच्या पायऱ्यांचे कोडे घाली. असे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

एका शनिवारी उन्नतीने मला मागितले. तिची आई कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातून धागे कापायचे काम घरी आणायची. उन्नतीने कारखान्यात टेबलावर पसरलेले कापड आणि त्यावर मांडलेले पुठ्ठ्याचे पॅटर्न पाहिले होते. ती म्हणाली, "पँटचा पाय वर रुंद असतो, खाली अरुंद. म्हणजे समलंब चौकोनच ना? मग एक पाय सुलटा आणि त्याच्या शेजारी दुसरा उलटा ठेवायचा. रुंदाजवळ अरुंद येतं. मी पेपर कापून बघितलं, चार बोटं कापड वाचतं!"

वर्ग खूश झाला. भूपेशने मात्र हात वर करून मला घेतले. त्याचे वडील कटिंगचे काम करत.

"ए उन्नती, आयडिया भारी आहे, पण लोचा आहे यार. माझे पप्पा बोलतात, डेनिम उलटा लावला की शेड मारतो. तुझ्या पँटचा एक पाय डार्क, एक फिका. कोण घालणार?"

सगळे खो खो हसले. उन्नतीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. नूतनबाई म्हणाल्या, "मग ही अट समज आणि पुन्हा मांड. अट आली म्हणून गणित संपत नाही."

पुढच्या शनिवारी ती पळतच आली. एका पँटचे सगळे तुकडे सुलटे, दुसऱ्या पँटचे सगळे तुकडे उलटे! म्हणजे कुठल्याच पँटमध्ये दोन रंग नाहीत, आणि तरी तीन बोटे वाचली. भूपेशने घरी विचारून सोमवारी बातमी आणली. कारखान्यातले मास्टरही असेच लावतात. तुम्हाला वाटेल, उन्नती हिरमुसली असेल. छे! "म्हणजे मी मास्टरसारखं डोकं चालवलं!" असे म्हणत ती दिवसभर मिरवत होती.

त्याच वर्षी बाईंची बदली बदलापूरला झाली. जाताना त्यांनी मला पुसून खिळ्याला लावले.

त्यांच्या जागी हरिचंद्र सर आले. सरांना पोर्शन संपवायचा असे. त्यांनी मला कधी उलटून पाहिले नाही. पहिल्याच शनिवारी मुले थांबलेली दिसली तेव्हा त्यांनी उन्नतीची वही उचलली. वहीत पँटीच पँटी काढलेल्या.

"हा काय टेलरिंगचा क्लास आहे? हात पुढे कर."

आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढले.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. तिच्या तळहातावर मी बसलो. ज्या हाताने मला धरून तिने समलंब चौकोन समजावला होता, त्याच हातावर! दुसऱ्या वेळी तिने हात मागे घेतला आणि मी बाकाच्या कडेवर आपटलो. माझा काटकोनाचा सांधा उघडला. मोडलो याचे मला वाईट वाटले नाही, हे खरे सांगतो. तिला लागण्यापेक्षा ते बरे झाले.

शिपाई आण्णांनी दोन खिळे ठोकून मला जोडले. दिसायला मी ठीकठाक दिसत होतो, पण कोन फाकला होता. शनिवार बंद झाला. उन्नती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि वर्गात बोलेनाशी झाली.

मग तो दिवस आला. सरांनी मला लावून फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला. एक बाजू तीस सेंटिमीटर, दुसरी चाळीस. "भूपेश, तिरकी बाजू मोज."

भूपेशने पट्टी लावली. "सर, एक्कावन्न येतंय. जवळजवळ."

"पन्नास येतं. पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजले. "सर, खरंच एक्कावन्न."

"डोळे फुटलेत का? पुस्तकात पन्नास आहे!" आणि सरांनी मला वर उचलले.

भूपेशने माझ्याकडे पाहिले, मग खाली मान घातली. "पन्नास, सर."

सगळ्या वर्गाने वहीत पन्नास लिहिले. माझा संताप झाला तो इथे. पोराने डोळ्यांनी एक्कावन्न पाहिले आणि माझ्या धाकाने पन्नास म्हटले! चूक माझी होती, आणि मार त्याच्यावर उगारला होता. तेरा वर्षे कमावलेले माझे नाव मातीत गेले.

तेवढ्यात मागचा बाक सरकला.

"सर, भूपेशनं बरोबर मोजलंय." उन्नती उभी होती. "चूक गुण्याची आहे. मला द्या, दाखवते."

सरांच्या हातात मी तसाच वर होतो. ती पुढे आली आणि तिने हात पसरला. मार खाण्यासाठी नाही, मला मागण्यासाठी. कसे कोण जाणे, सरांनी मला दिले. तिने मला फळ्याच्या खालच्या पट्टीवर टेकवून उभी रेघ मारली. मला उलटे केले. त्याच ठिकाणाहून दुसरी मारली.

दोन रेघा वर जाताना कात्रीसारख्या फाकल्या. वरच्या टोकाला दोन बोटांची फट होती.

सरांनी त्या रेघा बराच वेळ पाहिल्या. मग तास संपला आणि ते निघून गेले. भूपेशला "तुझं बरोबर होतं" एवढे तीन शब्दही त्यांनी म्हटले नाहीत. आजवर नाही. मी वाट पाहतो आहे.

आण्णांना मला भंगारात टाकायला सांगितले गेले. आण्णांनी मला व्हरांड्यात ठेवले आणि पोरांना आवाज दिला, "ए, तुमचा तो गुण्या पडलाय बघा." आता शनिवारी शाळा सुटली की मुले व्हरांड्यात बसतात. मी रेघा मारत नाही, फक्त हातातून हातात फिरतो. माझ्या पट्टीवर उन्नतीने पेनाने लिहिले आहे, 'हा काटकोन नाही. मोजून बघा.' असे लिहिलेले अंगावर वागवताना लाज वाटते, पण ते खरे आहे.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, काचेच्या कपाटात ठेवू नका. एवढेच करा. कुणी पोर एक्कावन्न म्हणाले, तर हात उगारण्याआधी मला एकदा उलटून पाहा.