बीरगांवची पेटी फेसबुकवर

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, गाण्याची! नागपूरच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले आणि मारोतीबाबांनी मला रेल्वेतून मांडीवर घेऊन रायपूरला आणले. ते तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते. शेजारच्या बीरगांवात आमचे घर होते. तिथे भीमजयंतीला त्यांची बोटे माझ्यावर धावू लागली की सारा पारा, म्हणजे सारी वस्ती, गात असे. लोक माझ्या स्वराची वाहवा करत.

पुढे बाबांची बायको, कलावतीआजी, वारल्या. बाबांचे गाणेच थांबले. मला चादरीत गुंडाळून त्यांनी माळ्यावर ठेवले. माझ्या भात्यात झुरळांनी संसार थाटला.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. बाबांची नात पायल नर्स होती. रुग्णांची सेवा करता करता तीच आजारी पडली आणि होस्टेलच्या खोलीत एकटी राहू लागली. आधी ती व्हिडिओ कॉल करी. मग तिने फोन उचलणेच सोडले.

जयंती उजाडली. टाळेबंदीत मिरवणूक कुठली! बाबांनी सुनेला, पायलच्या आईला, हाक मारली.

"सोनिया, पेटी काढ बरं खाली."

"काहून जी बाबा? आयकाले कोण येऊन राहिलं?"

"पोट्टी फोन नाही उचलत, पण फेसबुक त पाहत असंन!"

सोनियाने मला पुसले, समोर फोन उभा केला आणि लाइव्ह सुरू केले. बाबा कापऱ्या आवाजात गाऊ लागले. आणि मित्रांनो, मी थक्क झाले! त्या वीतभर काचेत माणसे जमू लागली. बाबांची भंडाऱ्याची बहीण, भिलाईचे जुने सोबती, कधी न पाहिलेले लोकही. एकाने तर दवाखान्याच्या खाटेवरून 'जयभीम' लिहिले. चौकापलीकडे कधी न गेलेला माझा आवाज किती बंद दारांच्या आत पोचला होता!

पायलचे नाव मात्र दिसेना. बाबांचा घसा बसला, तरी ते थांबेनात. एकामागून एक गाणी म्हणत राहिले.

एकाएकी सोनिया फोनवर वाकली आणि रडत रडत वाचू लागली, "दादाजी, आपका 'नी' बेसुरा लग रहा है। वो गाना फिर से सुनाओ।"

"पोट्टी आयकून राहिली!" बाबा ओरडले. डोळे पुसायचेही त्यांना सुचेना. खरे तर चूक माझी होती, माझी पट्टी अडकत होती. पण त्या चुकीबद्दल मला कोणी रागावले नाही.

पायल बरी होऊन घरी आली. आता मी माळ्यावर नसते.

मित्रांनो, तुमच्या घरातले मुके वाद्य एकदा खाली काढा, पुसा, वाजवा. आणि कोणी दूर एकटे पडले असेल, तर त्याला हाक मारा. तिकडून उत्तर आले नाही, म्हणून गाणे अर्धे सोडू नका.