कच्चं शूटिंग

अंतरपाट खाली यायला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवे-जांभळे पट्टे उमटायला एकच गाठ पडली. नवरी डोळे वर करणार तेवढ्यात चित्र थिजलं, कॅबिनेटमधला पंखा भणाणला आणि स्क्रीन काळी झाली. मग मशीन आपलं आपणच पुन्हा सुरू व्हायला लागलं.

"गेलं का परत?" सौदामिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"गेलं," रेणुकादास म्हणाला. सकाळपासून तो बायकोला हेच उत्तर देत होता.

लातुरात औसा रोडला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत रेणुकादासचं मिक्सिंग चालायचं. आसपासच्या गावांतले फोटोवाले लग्नाचं शूटिंग आणून टाकत आणि हा त्याचा सिनेमा करून देई. नवरदेवाला ढगातून उतरवावं, नवरीवर पाकळ्या उधळाव्यात, सासूच्या कपाळावरच्या आठ्या अलगद कापाव्यात, यात आपला हात धरणारं कोणी नाही असं तो स्वतःच सांगायचा. फोटोवाल्यांना काम वेळेत हवं असायचं, त्यामुळे तेही मान डोलवायचे.

या वेळचं लग्न औशाजवळच्या एका गावातलं होतं. नवरीचं नाव सृष्टी. तिचे वडील शेषेराव लग्नाच्या तोंडावर आजारी पडले आणि लातूरच्या दवाखान्यात थेट अतिदक्षता विभागात गेले. तारीख मोडू नका, असं त्यांनीच निक्षून सांगितलं. कन्यादान काकाने केलं. पुढे शेषेरावांना वॉर्डात आणलं, पण डॉक्टरांनी आशा सोडली होती. पाहुण्यांनी मोबाईलवर जे काढलं होतं त्यात टोप्या आणि पाठीच जास्त. शेषेरावांना लेकीचं लग्न बघायचं होतं, मंगलाष्टकांपासून, नीट, सगळं.

सृष्टी रोज फोन करायची.

"काका, झालं का हो? आबा लई विचारायलेत."

"मशीन बिघडलंय बाळ. ग्राफिक्स कार्ड त्रास द्यायलंय. उद्यापर्यंत करतो."

"थोडकं असलं तरी चालतंय काका. जसं हाय तसं द्या. मी दाखविते मोबाईलवर."

"छे छे! कच्चं नाही दाखवत आपण."

हा त्याच्या धंद्यातला नियम होता. कच्चं शूटिंग गिऱ्हाइकाच्या नजरेस पडू द्यायचं नाही. कच्च्यात पाहुणे बोटं चाटतात, भटजी उपरण्याने घाम पुसतात, दोन्हीकडची मंडळी मानपानावरून हमरीतुमरीवर येतात. असलं बघून सोयरिकी तुटल्याच्या गोष्टी त्याच्या उस्तादाने त्याला सांगितल्या होत्या. तेव्हापासून कितीही मोठा माणूस दारात येऊन बसला तरी रेणुकादासने कुणाला कच्चं दाखवलं नव्हतं.

शिवाय या लग्नाने त्याच्या मनात घर केलं होतं. शेषेरावांचा फेट्यातला एक फोटो मागवून तो त्याने कन्यादानाच्या प्रसंगात बसवायला घेतला होता. लेकीच्या शेजारी बाप उभा, मागे उजेड, हात वर करून आशीर्वाद देतोय. हात कुण्या पुढाऱ्याचा जोडला होता, पण बेमालूम. अंथरुणावरच्या माणसाला वाटावं की आपणही मांडवात होतो. शेषेराव ते बघतायत असं नुसतं मनात आणलं तरी रेणुकादासचे डोळे भरून यायचे. आणि नेमके तेवढे थर एकावर एक चढले की चित्रं पेलणारं ते कार्ड मान टाकायचं.

"अहो, असा फोटो गेलेल्या माणसाचा टाकतात," सौदामिनी चहा ठेवताना म्हणाली.

"तुला यातलं काय कळतंय?" तो खेकसला.

त्याने करायचं काही बाकी ठेवलं नाही. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून नवा टाकला, मग तो काढून जुना टाकला. कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले. कॅबिनेटची बाजू उघडून समोर घरातला कूलर आणून लावला. ओळखीच्या सायबर कॅफेवाल्याकडून पॉवर सप्लाय उसना आणून जोडून पाहिला. कधी मशीन तासभर चालायचं आणि त्याला वाटायचं, सापडलं. मग पुन्हा पट्टे. कार्ड पार काढून ठेवलं की मात्र मशीन साध्या डिस्प्लेवर गरीब गायीसारखं चालायचं. शूटिंग सुरुवातीपासून शेवटापर्यंत दिसायचं. फक्त मिक्सिंग होत नव्हतं, म्हणून ते चालणं त्याच्या हिशेबात नव्हतं.

शेवटी कार्ड टॉवेलात गुंडाळून तो नांदेडच्या एसटीत बसला. अहमदपूर, लोहा करत गाडी रखडत चालली. दवाखाना त्याच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतका जवळ होता, पण तिकडे तो एकदाही गेला नव्हता. काम हातात असल्याशिवाय तोंड कसं दाखवायचं?

नांदेडचा बसवंत असली कार्डं दुरुस्त करायचा. त्याने कार्ड उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिलं.

"चिप ढिली झाली असंल. न्हाईतर दुसरंच काहीतरी असंल. पक्कं न्हाई सांगता येत, सर. गरम करून बघतो. बसली तर बसली."

"बसव बाबा. एक माणूस वाट बघायलाय."

बसवंतने गरम हवेची बंदूक लावली. कार्ड निवल्यावर आपल्या मशीनला जोडलं आणि हसला. "चालून राहिलं बघा."

"टिकेल का?"

"हे कसं सांगू? चालंल तवर चालंल."

रेणुकादासने घरी येऊन पायांतली चप्पलही न काढता कार्ड बसवलं. अंतरपाट खाली आला. नवरीने डोळे वर केले. कन्यादान सुरू झालं, उजेड पसरला, फेटा दिसला, हात वर जायला लागला. सौदामिनीही येऊन मागे उभी राहिली. हात खांद्यापर्यंत आला आणि बापलेकीच्या तोंडावर पट्टे उमटले.

रेणुकादास खुर्चीत बसल्या बसल्या रडला. आयुष्यभर लोकांच्या लग्नात पाकळ्या उधळल्या, आणि एका मरत्या माणसाला त्याची लेक दाखवता येईना. सौदामिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सृष्टीचा फोन आला. त्याने सवयीने सांगायला सुरुवात केली, "आज पुन्हा ड्रायव्हर..."

"काका," ती म्हणाली, "आता घाई न्हाई. निवांत करा."

फोन कधी बंद झाला ते त्याला समजलं नाही.

चौदावं झाल्यावर ती सासरी परत जाताना लातूरला उतरली. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. सौदामिनीने तिला पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "मिक्सिंग नको काका. हाय तसं बघायचंय."

रेणुकादास एका शब्दाने नाही म्हणाला नाही. त्याने कार्ड काढून बाजूला ठेवलं, वायर साध्या डिस्प्लेला लावली आणि शूटिंग सुरू केलं. मिक्सिंगवर गाणी चढवायची असतात, म्हणून कच्चं तो कायम आवाज बंद ठेवून बघायचा. आताही आवाज बंदच होता.

"आवाज न्हाई का?"

त्याने आवाज वाढवला. भांड्यांचा खणखणाट आला, बायकांचा गलका आला. नवरीच्या खोलीत सृष्टीला मुंडावळ्या बांधत होते. तिने कॅमेरेवाल्याला हाताने जवळ बोलावलं आणि थेट भिंगात बघून बोलायला लागली.

"आबा, ओ आबा! मी दिसायले का? तुम्ही म्हणलेलीच साडी नेसले बघा. जेवलाव का तुम्ही? मी जाताना रडणार न्हाई. तुम्ही बी रडू नका."

हा तुकडा रेणुकादासने पाहिला होता. नवरी कॅमेऱ्यात बघते, बरं दिसत नाही, म्हणून त्याने तो कापायला काढला होता.

"हेच तेवढं दाखवायचं होतं त्यांना," सृष्टी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर रेणुकादासला सोसवलं असतं. तो तिच्या मागे भिंतीला टेकून खाली बसला.

"परत लावता का काका?"

सौदामिनीनेच पुढे होऊन लावलं. मग मंगलाष्टकं झाली, काकाने कन्यादान केलं, पंगती उठल्या, भटजींनी घाम पुसला. सृष्टी पदराचं टोक मुठीत धरून सगळं बघत राहिली. शूटिंग संध्याकाळपर्यंत चाललं. मशीन एकदाही बंद पडलं नाही.