ढगाळ दिवसाचे होले

"आभाळ आलं की होले दुप्पट येतात!" दीपमालानं भरवर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं. हर्सूलच्या घरामागं दाण्यांची थाळी टांगून तिनं महिनाभर रोज दाणे टिपायला येणारे होले पक्षी मोजले होते. आज आभाळ गच्च भरलं, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी निवड करायला मॅडम स्वतः येऊन अंगणात बसल्या. पण तासभर झाला तरी थाळीवर एकही होला फिरकला नाही.

दीपमाला थाळीकडं धावली. "या ना रे, या ना," म्हणत तिनं आणखी ज्वारी ओतली.

"अगं येडे," आई म्हणाली, "पावसाच्या धाकानं सगळ्या शिवारात आज ज्वारी मळायलेत. ते खळं सोडून तुझ्या मूठभर दाण्याला कोण येतंय?"

"मग मागच्या ढगाळ दिवशी लई का आले व्हते?"

"तवा कणसं हिरवी व्हती, शिवारात सांडलेला दाणा कुठं व्हता?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "आजचा आकडा लिही, बाळा."

तिनं शून्य लिहिलं. मग शेजारी नवा रकाना आखून वर 'मळणी' असं नाव घातलं. महिनाभराचा तो रकाना वरपासून खालपर्यंत कोराच होता; शिवारात काय चाललंय हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.