दिल्या घरची किडनी

माझी डावी किडनी थोरल्याला द्यायची ठरली, तेव्हाच मी डॉक्टरीणबाईंना बजावलं होतं, "जपून काढा. आमच्या घरात धड चालणारी तेवढी एकच वस्तू आहे."

थोरल्याला साखर लहानपणापासूनची. गोड खाऊन झालेली नव्हे, त्याचं अंग इन्सुलिनच करत नाही. त्या साखरेनं त्याच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या, म्हणून माझी बसवली. शुद्धीवर आल्याआल्या मी सगळ्या गोतावळ्यात जाहीर केलं, "पोरगा बरा झाला!" माझ्या शब्दावर आमच्याकडे अपील नसतं.

पुढे सहा वर्षं मी किडनीची खुशाली विचारत राहिले, लेक दिल्यासारखी.

"कशी आहे?"

"मजेत आहे, आई."

"तुला नाही विचारलं. तिला."

मग त्याच्या पायांवर सूज आली. लघवी तपासली, किडनीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी खराब व्हायला लागलीय."

"तोंड सांभाळा, बाई! साठ वर्षं वापरली मी ती. तुम्हीच उलटी बसवली नाही ना?"

"आजी, किडनी उत्तम होती. पण किडनी बदलली म्हणून मधुमेह जात नाही. ज्या साखरेनं आधीच्या दोन खाल्ल्या, तीच आता हिला खातेय. त्यात किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनीही साखर चढते."

"म्हणजे पोरगी गुणी, सासर खाष्ट."

"अगदी! सासर सुधारलं तर अजून नांदेल. नाहीतर पुन्हा डायलिसिस."

आणखी एक द्यावी तर माझ्याकडे एकच उरलेली. ती मला लागते. या घराला बोलायचं म्हणजे अंगात जोर हवा.

घरी आल्यावर सूनबाईनं तोंड उघडलं. "दुपारचं इंजेक्शन हे चुकवतात. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक बघेल म्हणून. आणि पाहुण्यांत तर घेतच नाहीत."

"का?"

"तुम्ही बरा झाला म्हणून सांगितलंत ना. तुमचा शब्द खाली पडेल."

थोरला कोरडाच चष्मा पुसत बसला. "संडासात जाऊन टोचतो गं कधीकधी. पण तिथं रांग असते."

"गाढवा! माझा शब्द जगवायला माझीच किडनी मारतोस?"

रविवारी धाकट्या जावेकडे सगळे जेवायला जमलो. ती थोरल्याच्या ताटाशी गोडाचं भांडं घेऊन आली. "घे रे, आता कसलं पथ्य!"

मी चमचा ताटावर आपटला. "कोणी घास उचलायचा नाही. थोरल्या, शर्ट वर कर."

"अगंबाई, इथं, सगळ्यांसमोर?" जाऊ म्हणाली. "आणि जाऊबाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, बरा झाला?"

"तेव्हाही मीच म्हणाले, आताही मीच म्हणतेय. मधे तू कोण?"

थोरल्यानं बोट टोचून साखर बघितली. मग पोटाची चिमटी धरून सुई लावली. जावेनं मान फिरवली.

"बघ नीट," मी म्हटलं, "माझ्या लेकीचं घर आहे ते."

त्यानं शर्ट खाली केला. "विचार आता, कशी आहे ती."

"तिला नाही, तुला विचारतेय. कसा आहेस?"

"साखर फार चढलीय, आई. आणि मला भीती वाटते."

सहा वर्षांत पोरगा पहिल्यांदाच मजेत नव्हता.