फ्लेक्ससाठी अप्पांचा फोटो

तेलुगू सिनेमातल्या एका संस्थेने आमच्या अप्पांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला, आणि माझ्या घरात त्यांचा एक धड फोटो सापडेना. पोटच्या पोराने लाजून मरावं अशी गोष्ट.

अप्पा सोलापूरचे. घरात आम्ही तेलुगूच बोलायचो. विशीत ते हैदराबादला गेले आणि बेचाळीस वर्षं तिथल्या सिनेमात मेकअपमन होते. दाढ्या-मिशा चिकटवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. आता सोलापुरात एकटे राहतात. मी चाकणला कंपनीत, राहायला रहाटणीत.

बातमी कळताच सोसायटीचे चेअरमन नानासाहेब दारात हजर. "ज्ञानेशराव, छुपे रुस्तम निघालात की. चौकात वीस फुटी फ्लेक्स लावतो. पाचपर्यंत वडिलांचा फोटो पाठवा."

आमच्याकडे बारशाचासुद्धा फ्लेक्स लागतो, मग याचा का नाही? मी छाती फुगवून हो म्हटलं.

"लग्नाचा अल्बम आहे ना," माझी बायको विजयश्री म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत तिने काढलासुद्धा. तिचे आईवडील, मावश्या, थेरगावची अख्खी गल्ली त्यात होती. अप्पा नव्हते.

"असं कसं?" तिने विचारलं. मी मोबाइलमध्ये शोधायचं नाटक करत बसलो.

कसं ते मला चांगलं ठाऊक होतं. सासरी मी थाप मारली होती, वडील सिनेमात मॅनेजर आहेत म्हणून. लग्नात एका पाहुण्याने विचारलं, तर अप्पा हसत म्हणाले, "मिशा चिकटवतो." माझा चेहरा पडला. त्याच सकाळी माझ्या गालावरचा वेल्डिंगचा डाग त्यांनी तासभर खपून झाकला होता, तेव्हा मात्र मला त्यांचं काम चाललं होतं. फोटो सुरू होणार, तेवढ्यात मी त्यांना बाजूला घेतलं. "अप्पा, आचाऱ्याला काय हवं-नको ते जरा बघता का?" ते गेले. जेवणं उठेपर्यंत मी त्यांना हाक मारली नाही. इतका नालायक मी.

साडेचारला नानासाहेबांचा मेसेज आला, फोटो कुठाय. शेवटी अप्पांना फोन लावला. विजयश्रीने तो स्पीकरवर टाकला.

"माझा फोटो?" अप्पा म्हणाले. "मेकअपमनचा फोटो कोण काढतंय रे. आम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागं."

"अप्पा, लग्नाच्या अल्बममध्येही तुम्ही नाही," मी म्हणालो. विजयश्री माझ्याकडेच बघत होती, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मीच तुम्हाला मुद्दाम आचाऱ्याकडे पाठवलं होतं."

"ठाऊक आहे. विचारलं मी त्याला. त्याला काहीच नको होतं."

"मग परत का नाही आलात?"

"तू बोलावलं नाहीस."

विजयश्री खाली बसली. अप्पांनीच पुढे विचारलं, "त्या फोटोत तुझा गालावरचा डाग दिसतोय का, बघ बरं."

अल्बम समोर उघडाच होता. मी अगदी जवळून पाहिलं. "नाही दिसत."

"मग तोच लावायला सांग चौकात," अप्पा म्हणाले. "काम माझंच आहे."