तीनच्या रेघेवरचा दादा

धाकटीने बोट पुढे केलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

"सुईला घाबरतेस?" ताई म्हणाली. "घरात तर येता-जाता सगळ्यांच्या अंगावर धावून जातेस."

"सुईला नाही. तुझ्या हाताला. सकाळपासून थरथरतोय."

ताईने सुई टोचली. बोटावर आलेला थेंब तिने बारीक नळीत ओढून घेतला.

ताई या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. डॉक्टर दहाला यायचे, म्हणून तिने धाकटीला नऊलाच बोलावलं होतं. घरी आईला पत्ता नव्हता. तीन वर्षांपूर्वी दादा गेला, तेव्हा आधी त्याची नखं पांढरी पडली होती. मग जिना चढवेना. मग एका हिवाळ्यात माणूस होत्याचा नव्हता झाला. आणि आता महिनाभर धाकटीची नखं फिकट दिसत होती. आईला दिसू नयेत म्हणून तिने ती रंगवून टाकली होती. ताईच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही.

टेबलावर काडेपेटीएवढा काचेचा तुकडा होता. त्यात केसाहून बारीक अशा तीन वाटा कोरलेल्या, कडेने एक ते सात रेघा, तिन्ही वाटांत खारं पाणी भरलेलं. दोन्ही टोकांना तारा, एक लाल, एक काळी.

"करंट सोडला की रक्त पाण्यातून ओढलं जातं," ताई सांगत होती. "चांगल्या रक्तावर विजेचा भार जास्त. ते सुसाट सुटतं, चार मिनिटांत सातच्या रेघेवर. दादाच्या आजाराचं रक्त कमी भाराचं. ते रेंगाळतं. चार मिनिटं झाली तरी तीनवरच."

"आणि यंत्रच खोटं बोललं तर?"

"म्हणून पहिल्या वाटेत रोज ओळखीचं आजारी रक्त सोडायचं. ते तीनवर थांबलं की यंत्र ठीक."

तिने बर्फाच्या पेटीतून बोटभर कुपी काढली. वर फक्त आकडा लिहिलेला.

"ओळखीचं म्हणजे कोणाचं?"

ताईने झाकण उघडलं. "दादाचं."

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "रोज?"

"रोज. पहिला तोच. तीनवर येऊन थांबला की मी म्हणते, आलास का. मग बाकीची कामं." ताईच्या आवाजात काहीच नव्हतं. भाजी आणली का असं विचारावं, तसं तिने सांगितलं.

पहिल्या वाटेत दादा गेला, दुसरीत धाकटी. तिसरी रिकामी. ताईने बटण दाबलं.

यंत्राच्या पडद्यावर दोन लाल ठिपके हलले. दोघं बरोबरच निघाले, लहानपणी निघायचे तसे. एकच्या रेघेपर्यंत बरोबर. दोनच्या रेघेजवळ धाकटीचा ठिपका थबकला. दादाचा हळूहळू पुढे आला, त्याच्या शेजारी आला, आणि दोघं एका ओळीत उभे राहिले.

धाकटीचा जीव टांगणीला लागला. "ताई. तो थांबला."

ताईने काचेवर नखाने टकटक केलं. एकदा, दोनदा. "बुडबुडा आहे. आडवा आलाय." तिसऱ्या टकटकीला काहीतरी सुटलं आणि ठिपका असा पळाला की नजर ठरेना. चार. पाच. सहा. चार मिनिटांची घंटा वाजली तेव्हा तो सातवर होता. दादा तीनवर.

"आलास का," ताई सवयीने पुटपुटली. मग तिने धाकटीला मिठीत घेतलं. "तुला काही झालेलं नाही. नीट जेवत नाहीस, एवढंच. गाढव कुठली."

धाकटी आधी रडली, मग हसली, मग चिडली. "महिनाभर मेले मी, आणि तू म्हणतेस जेवत नाहीस." नाक पुसून तिने कुपी पेटीत ठेवायला उचलली. उजेडात धरली. आणि मनात पाल चुकचुकली.

कुपी गळ्यापर्यंत भरलेली होती.

"तीन वर्षं रोज एक थेंब काढतेस ना?"

ताई तारा पुसायला लागली.

"मग ही भरलेली कशी?"

"थोडं थोडं घालते. माझं. बोटातलं." ताई अजून तारच पुसत होती. "पहिल्याच वर्षी तळ दिसायला लागला होता. मला त्याला संपू द्यायचं नव्हतं. माझं मिसळलं तरी तो आहेच की त्यात. ठिपका येतोच ना रोज तीनवर."

"एकच ठिपका?"

"हो."

धाकटीने शाळा अर्धवट सोडली होती, पण हिशेब तिला कोणी शिकवायला नको होता. ती हळू बोलली, नेहमीसारखी तडकून नाही. "ताई, एक काढायचा आणि एक घालायचा, तेही दोन वर्षं. दादा त्यातून कधीच संपलाय. तुझं रक्त चांगलं असतं, तर ठिपका सातवर दिसला असता."

ताईचा हात थांबला. "त्या वाटेत मी सातकडे बघतच नाही. तीनकडेच बघते."

"मग 'आलास का' म्हणत होतीस ते कोणाला?"

खिडकीबाहेर कोणीतरी सायकल लावली. ताईने सावकाश हातमोजा काढला. बोटांच्या टोकांची सुईने चाळणी झाली होती. तिने हात पुढे केला. आता तो थरथरत नव्हता.

धाकटीने सुई टोचली. थेंब तिसऱ्या वाटेत सोडला. बटण तिनेच दाबलं.

ठिपका निघाला. बुडबुडा नव्हता, अडथळा नव्हता. तो एकवरून गेला, दोनवरून गेला, रोजचा रस्ता असल्यासारखा. धाकटी पडद्याच्या काचेला बोट लावून त्याला पुढे ढकलत होती. घंटा वाजली. ठिपका तीनवर होता.

ताई पडद्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, सवयीने.

"नको," धाकटी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.